सुईच्या टोकावरचा थेंब

14 जुलै 2023 रोजी श्रीहरिकोटाहून चांद्रयान-3 झेपावले, तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरकरांची मान ताठ झाली आणि ते रास्तच होते. ते घेऊन गेलेल्या एलव्हीएम-3 या प्रक्षेपकाच्या दोन्ही अंगांना जे एस-200 बूस्टर बसवलेले असतात, त्यांच्या पोलादी आवरणाचे 3.2 मीटर व्यासाचे खंड वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात घडले होते. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव लावणारे हे गाव साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता इस्रोच्या अग्निबाणांपर्यंत पोहोचले. या परिसरातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने प्रमाणबद्ध प्रतिकृती करायला घेतली, तर पहिला मान या प्रक्षेपकाला मिळावा हे उचितच आहे.

आता प्रतिकृती 1:144 या प्रमाणात करायची ठरवली तर हिशोब असा होतो. मूळ प्रक्षेपक 43.5 मीटर उंच, म्हणजे प्रतिकृती 30 सेंटिमीटरची, दप्तरातल्या फूटपट्टीएवढी. बूस्टरचा व्यास 22 मिलिमीटर. नळकांडी कापून झाली, कडा घासून झाल्या, सगळे मापात बसले आणि शेवटी बूस्टर मुख्य खोडाला चिकटवताना गोंदाची नळी जरा जोरात दाबली गेली. सांध्यातून मिलिमीटरभर जाडीचा वळ बाहेर आला आणि तिथेच वाळला. मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण 1:144 च्या जगात तो 14.4 सेंटिमीटरचा झाला. खऱ्या प्रक्षेपकाच्या अंगावर साडेपाच इंचांहून जाड ओघळ आलेला एकही अभियंता खपवून घेणार नाही. मग प्रतिकृतीत तो का खपवून घ्यायचा?

प्रतिकृतीकाराची खरी अडचण इथे आहे. लांबी, रुंदी, उंची, अगदी खिळ्यांची डोकीसुद्धा 144 पटींनी लहान करता येतात, गोंद मात्र लहान होत नाही. द्रवाचा पृष्ठताण खऱ्या जगात जेवढा, तेवढाच टेबलावरच्या छोट्या जगात असतो. नळीच्या तोंडातून आपोआप सुटणारा थेंब आपल्याच आकाराचा असतो, समोर वाडा आहे की बाहुलीचा बंगला हे त्याला कळत नाही. तो थेंब कृतीला साजेल इतका लहान करणे हे हाताचे काम आहे. ही पुस्तिका त्या कामाची आहे.

जिला सगळे फेविक्विक म्हणूनच ओळखतात, ती सुपरग्लूची चिमुकली नळी आज किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात कुठेही मिळते. पाच रुपयांच्या नळीत अर्धा ग्रॅम द्रव. एक थेंब साधारण 20 मिलिग्रॅमचा धरला, तर नळीत पंचवीसेक थेंब भरतात. या गोंदाचे उत्पादक पूर्वीपासून सांगत आले आहेत की एका चौरस इंचाला एक थेंब पुरे. हे बोलणे गणितात घालून पाहावे. 20 मिलिग्रॅम द्रव एका चौरस इंचावर सारखा पसरला तर थराची जाडी येते सुमारे 0.03 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या साधारण एक तृतीयांश. आता आपल्या बूस्टरकडे यावे. 22 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याचा घेर 70 मिलिमीटर आणि भिंतीची जाडी एक मिलिमीटर धरली तर दोन खंड टोकाला टोक लावून जोडताना एकमेकांना टेकणारी जागा एक चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, 0.7 च भरते. म्हणजे एका थेंबात असे नऊ सांधे व्हायला हवेत, आणि एका नळीत दोनशेहून अधिक. प्रत्यक्षात एका सांध्यावर दोन-तीन थेंब पडतात. पाच रुपयांची नळी हकनाक संपली याचे दुःख फार नाही. दुःख याचे की जास्तीचा प्रत्येक थेंब सांधा कमकुवत करतो.

यावर नव्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. गोंद जास्त, पकड जास्त, हेच आपल्या हातांना लहानपणापासून शिकवलेले असते. खळ, डिंक, फेविकॉल यांच्या बाबतीत थोडे जास्त झाले तरी बिघडत नसे. सुपरग्लूची जात वेगळी आहे आणि ते असे का वागते हे समजायला त्याचा जन्म आणि त्याची रसायनविद्या, दोन्हींकडे जावे लागते.

1942 मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचा रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. त्या खटपटीत सायनोॲक्रिलेट गटातली संयुगे त्याच्या हाती आली आणि ज्याला लागतील त्याला चिकटतात म्हणून ती बाजूला टाकली गेली. 1951 मध्ये कूव्हरच्याच देखरेखीखालचा गट जेट विमानांच्या काचेरी छतांसाठी उष्णता सोसणारा पदार्थ शोधत होता. फ्रेड जॉयनर याने त्यातले एक संयुग रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरवले, आणि ते महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले. या वेळी मात्र कूव्हरच्या लक्षात आले की आपल्या हातात प्लास्टिक नसून गोंद आहे. 1958 मध्ये तो 'ईस्टमन 910' या नावाने बाजारात आला. पुढच्या वर्षी अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात एका थेंबाने जोडलेल्या पोलादी दांड्यांच्या आधारे सूत्रसंचालक गॅरी मूर याला उचलून दाखवण्यात आले. त्या प्रात्यक्षिकातला थेंब एकच होता आणि दांड्यांच्या टेकणाऱ्या बाजू सपाट होत्या, हे महत्त्वाचे. या गोंदाचे सगळे तंत्र या दोन गोष्टींत आले.

सायनोॲक्रिलेट फेविकॉलसारखे पाणी उडून वाळत नाही. त्याला घट्ट व्हायला उलट ओलावाच लागतो. कोरड्या दिसणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर हवेतल्या बाष्पाचा अतिसूक्ष्म थर बसलेला असतो. द्रव त्याला टेकला की त्याचे सुटे रेणू साखळीत गुंफले जाऊ लागतात आणि ही साखळी पृष्ठभागापासून आत वाढत जाते. दोन पृष्ठभाग एकमेकांना अगदी लागून असतील तर दोन्हीकडून निघालेल्या साखळ्या मधल्या पातळ थरात क्षणात भेटतात. पण मधे द्रवाचे डबकेच असेल तर कडा घट्ट होतात आणि पोटात ओल राहते. वरून वाळलेला दिसणारा सांधा तासाभराने हात लावताच सरकतो, तो यामुळेच. शिवाय घट्ट झालेला सायनोॲक्रिलेट काचेसारखा ठिसूळ असतो. पातळ थर वाकतो, सोसतो. जाड थर तडकतो. बारामती-इंदापूरच्या उसाला मोकाट पाट सोडण्यापेक्षा ठिबक का भावते हे ज्या शेतकऱ्याने अनुभवले आहे, त्याला हा हिशोब वेगळा सांगावा लागणार नाही.

ओलाव्यावर चालणारा गोंद म्हटला की प्रदेशाची हवा मधे येतेच. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा भाग पर्जन्यछायेचा. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत. या गोंदाला 40 ते 60 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. उन्हाळ्याच्या दुपारी ती त्याहून बरीच खाली जाते आणि पावसाळ्यात इतका वेळ न घेणारा सांधा वैशाखात रेंगाळतो. रेंगाळला म्हणून आणखी एक थेंब टाकण्याची ऊर्मी येते, ती आवरावी. त्याऐवजी गोंद लावण्याआधी भागावर तोंडाने 'हाऽ' करून एक उबदार श्वास सोडावा. आरसा पुसताना करतो तसा, फुंकर नव्हे. त्या श्वासातले बाष्प पुरे होते. ऑगस्टमध्ये गणित उलटे होते. हवेत पाणी भरपूर, गोंद झटपट धरतो, भाग जुळवायला सवड मिळत नाही आणि सांध्याभोवती पांढरी बुरशी आल्यासारखी छटा उमटते.

या पांढऱ्या छटेबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चांगल्या कामाची सर्वाधिक हानी तीच करते. सांध्यात न मावलेला गोंद हवेत वाफ सोडत राहतो. ही वाफ जवळच्या पृष्ठभागावरच्या ओलाव्याशी संयोग पावून पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बसते. पोलिसांच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळा हाच गुण कामी लावतात. बंद पेटीत सायनोॲक्रिलेटची वाफ सोडली की वस्तूवरचे न दिसणारे बोटांचे ठसे पांढऱ्या रेषांत उमटतात. ही पद्धत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये पुढे आली. प्रतिकृतीकाराला या गुणाचा काही उपयोग नाही. विमानाच्या छताची पारदर्शक काच, रेल्वेच्या डब्याच्या खिडक्या, मोटारीचे दिवे यांच्या जवळ हा गोंद वापरला की काचेवर धुके चढते, आणि भाग आधी बोटांनी हाताळला असेल तर बोटाचा ठसाही सुबक उमटतो. विमानाच्या छतासाठीच्या शोधातून ज्याची ओळख पटली, तोच पदार्थ छोट्या विमानाच्या छताला वर्ज्य ठरतो. काचेरी भागांना पांढरा फेविकॉल लावावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि वाफ सोडत नाही. दुसरा कुठला मार्गच नसेल तर कणभर गोंद लावून पंख्याची हलकी झुळूक सांध्यावरून वाहती ठेवावी, म्हणजे वाफ तिथे साचत नाही.

थेंब लहान करण्याची साधने फार खर्चीक नाहीत. शिवणाची मोठ्या नेढ्याची एक सुई घ्यावी. नेढ्याचे वरचे टोक बारीक कानशीने घासून उडवावे, की दोन टोकांचे इवलेसे बेचके उरते. सुईचे अणकुचीदार टोक बांबूच्या काडीत खोचून मूठ करावी. गोंद नळीतून थेट कामावर कधीही सोडू नये. आधी तो पाण्याच्या बाटलीच्या टोपणात, आतल्या बाजूला, एक थेंब काढून घ्यावा. टोपण अशासाठी की ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचे असते. या प्लास्टिकना सुपरग्लू नीट धरत नाही, त्यामुळे थेंब तिथे बराच वेळ ओला राहतो आणि वाळला तरी नखाने निघतो. बेचके त्या थेंबात बुडवून उचलले की दोन टोकांच्या मधे मोहरीच्या दाण्याहून बारीक कण लोंबतो. हाच आपला प्रमाणातला थेंब.

पुढची कृती हाताला सावकाश शिकवावी लागते. दोन भाग कोरडेच जुळवून, कागदी टेपने किंवा कपड्याच्या चिमट्याने धरून ठेवावेत. मग बेचके सांध्याच्या रेषेला फक्त टेकवावे, घासू नये. कण दिसेनासा होतो. केशाकर्षणाने गोंद रेषेतून स्वतःच धावतो आणि सांधा चांगला जुळला असेल तर दोन-तीन सेंटिमीटर अंतर क्षणात कापतो. तो आत जायला तयार नसेल, रेषेवर फुगून बसत असेल, तर समजावे की मधे फट आहे. अशा वेळी फट गोंदाने बुजवायला जाऊ नये, भाग सोडवून कड पुन्हा घासावी. पारखी कामगार आणि नवशिका यांच्यात फरक पडतो तो इथे. बोटांचीही एक गोम आहे. ज्या रेषेतून गोंद धावणार, तिच्यावर बोट टेकलेले असेल तर तो बोटाखालच्या फटीतही तितक्याच आनंदाने धावतो. मग बोट प्रतिकृतीला चिकटते आणि सोडवताना कातडीची नक्षी रंगाखाली कायमची राहते. म्हणून धरायचे ते रेषेपासून दूर.

कोणत्या वस्तूला हा गोंद लावावा याविषयी या पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण आपल्याकडे प्रतिकृती बहुधा हाताशी असेल त्या सामानातून होते. शाळेच्या प्रदर्शनात थर्माकोल, अभियांत्रिकी आणि वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांकडे सनबोर्ड, एमडीएफ, ॲक्रिलिक, आणि आता थ्रीडी प्रिंटरमधून निघालेले पीएलएचे भाग. थर्माकोलवर नेहमीचे सुपरग्लू टाकले की तो विरघळून खड्डा पडतो. घाईघाईत रात्री उशिरा बनवलेल्या कित्येक प्रकल्पांचा घात या खड्ड्याने केला आहे. महाराष्ट्रात 2018 च्या प्लास्टिकबंदीने थर्माकोलच्या सजावटीवर गदा आणली, तेव्हा पुठ्ठा, बांबू आणि लाकडाकडे वळणे तसेही शहाणपणाचे. लाकूड थोडे आम्लधर्मी असल्याने गोंद हळू धरते आणि सच्छिद्र असल्याने पातळ गोंद पिऊन टाकते. तिथे किंचित दाट, जेलसारखा प्रकार चांगला. दोन ॲक्रिलिक तुकडे जोडायला व्यावसायिक मॉडेलकार सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडतात, ते प्लास्टिकच वितळवून एकजीव करते. मात्र क्लोरोफॉर्म विषारी असल्याने मुलांच्या हाती देण्याची वस्तू नव्हे. पॉलिस्टायरीनच्या तयार किटलाही असाच वितळवणारा खास गोंद शोभतो. सुपरग्लूची खरी मातब्बरी दिसते ती जिथे दोन वेगळ्या जातींचे भाग भेटतात तिथे. पितळ आणि प्लास्टिक, रेझिन आणि लाकूड, तार आणि पुठ्ठा.

वेगळ्या जातींचे भाग म्हटल्यावर बारामतीच्या छोट्या रेल्वेची आठवण होणे स्वाभाविक आहे. दौंड ते बारामती ही चाळीसेक किलोमीटरची नॅरोगेज गाडी 1914 मध्ये सुरू झाली. तिच्या रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती गाडी जुन्या माणसांच्या बोलण्यात उरली. प्रतिकृतीकाराला मात्र ती आजही धावती करता येते, आणि त्यामागे आकड्यांचा एक सुंदर योग आहे. जगभरच्या छोट्या रेल्वेत सर्वाधिक चालणारे प्रमाण 1:87. 762 ला 87 ने भागले तर 8.76 मिलिमीटर येतात. बाजारात त्याहून लहान, एन प्रमाणाच्या गाड्यांसाठी 9 मिलिमीटर अंतराचे रूळ तयार मिळतात. म्हणजे फक्त पाव मिलिमीटरच्या फरकाने दौंड-बारामती मार्गाचे रूळ विकतच मिळतात. डबे, इंजिनाचा सांगाडा, स्थानकाची कौलारू छपरी हे बनवायचे आपण.

हे वेड आपल्याकडचे नाही असे समजणाऱ्याने पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून यावे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या आणि घडवलेल्या छोट्या रेल्वेचे हे कायमचे घर 1 एप्रिल 1998 रोजी लोकांसाठी खुले झाले. तिथे गाड्या, सिग्नल, पूल, घाट, शहर सगळे एकत्र चालते. पाहणारा गाड्यांकडे पाहतो. हाताने काम करणाऱ्याने जरा वाकून सांधे पाहावेत, दिव्याचे खांब जमिनीत कसे बसले आहेत आणि कठड्यांच्या कडा कशा मिळाल्या आहेत ते पाहावे. चांगल्या कामात गोंद कुठेच दिसत नाही. पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला एका दिवसात सहल काढून हे पाहता येते, आणि अशी सहल व्हावी असे या पुस्तिकेच्या संपादकांना मनापासून वाटते.

इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेला उजनीचे पाणी पसरले आहे. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि पळसदेवचे जुने मंदिर धरणाचे पाणी ओसरले की वर दिसू लागते. या दोन्हींचे मिळून 1:87 प्रमाणातले एक दृश्य या पुस्तिकेत सोडवून दाखवले आहे. निवडीचे कारण सरळ आहे. मंदिरात सपाट, रुंद सांधे भरपूर आणि रोहित पक्ष्यात एकच सांधा, पण तो सगळ्यांत अवघड. पूर्ण वाढलेला रोहित सव्वा ते दीड मीटर उंच, म्हणजे प्रतिकृतीत फार तर 17 मिलिमीटर. त्यातली निम्म्याहून जास्त उंची पाय आणि मान खातात. पाय जुन्या वायरीतल्या तांब्याच्या एका बारीक तारेचे करायचे. तार आधी काचपेपराने पुसून घ्यावी, तांब्यावरचे तेल आणि काळेपणा गेला पाहिजे. शरीरात सुईने भोक पाडून तार कोरडीच बसवावी, पक्षी उभा राहतो का पाहावे, आणि मग बेचक्यातला कण पोटाखाली, पिसांच्या आड टेकवावा. कण मोठा झाला तर तो तारेवरून खाली ओघळतो आणि गुडघ्याला मण्यासारखा गोळा जमतो. रोहिताच्या पायाचा मधला सांधा मुळात ठसठशीत दिसतो हे खरे, पण गोंदाचा मणी त्याच्या जागी कधीच येत नाही, भलतीकडे येतो.

फट भरण्याचा एक लोकप्रिय उपाय म्हणजे खाण्याचा सोडा. गोंदावर चिमूटभर सोडा टाकला की तो तत्क्षणी दगडासारखा होतो, कारण सोडा अल्कधर्मी असतो आणि साखळी बांधायला तो ओलाव्यापेक्षा जास्त चालना देतो. मोटारसायकलचे फुटलेले कव्हर, मिक्सरची तुटलेली मूठ अशा ठिकाणी हा उपाय सर्रास होतो आणि तिथे तो चालतो. प्रतिकृतीत तो जपून वापरावा. तयार होणारा गोळा प्लास्टिकपेक्षा कडक असतो, घासताना तो तसाच राहतो आणि शेजारचे प्लास्टिकच झिजते. भरायचेच असेल तर पाऊण तासाच्या आत घासून घ्यावे, रात्रभर ठेवू नये.

चुकलेला सांधा सोडवायची सोय असते, हे अनेकांना ठाऊक नसते. सायनोॲक्रिलेट ओढीला आणि सरकवण्याला चिवट असला तरी कडेने सोलायला किंवा आघाताला नाजूक असतो. प्रतिकृती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काही तास फ्रीजरमध्ये ठेवली तर तो आणखी ठिसूळ होतो आणि पातळ पाते घालून हलका झटका दिला की सांधा बहुधा स्वच्छ सुटतो. ॲसिटोन, म्हणजे बिनरंगी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतो तो द्रव, वाळलेला गोंद हळूहळू सैल करतो. मात्र तो पॉलिस्टायरीन आणि एबीएस प्लास्टिकही खातो, तेव्हा धातू आणि काचेपुरताच वापरावा.

आता सुरक्षिततेचे दोन शब्द, आणि ते मुलांनी व पालकांनी दोघांनी वाचावेत. कापूस आणि सुती कापड यांच्याशी हा गोंद झपाट्याने अभिक्रिया करतो आणि त्यातून इतकी उष्णता निघते की कातडी भाजते, धूरही निघतो. त्यामुळे सुती हातमोजे घालून काम करू नये आणि सांडलेला गोंद कापसाने वा सुती फडक्याने पुसू नये. मांडीवर प्रतिकृती घेऊन काम करण्याची सवय मोडावी. नळी सुती कपड्यावर रिकामी झाली तर कापड लगेच अंगापासून दूर करून भरपूर पाणी ओतावे. बोटे चिकटली तर ओढाताण न करता कोमट साबणपाण्यात ठेवून हळूहळू फिरवत सोडवावीत. डोळ्यात गेले तर पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत, पाण्याने धुवावे आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. नळीचे तोंड दातांनी उघडण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती आजपासून बंद व्हायला हवी. वास नाकात झोंबतो, म्हणून खिडकी उघडी असावी आणि चेहरा कामावर झुकलेला नसावा.

याच जातीचा गोंद माणसाची कातडी जोडायच्या कामीही येतो, हे ऐकून काहींना नवल वाटते. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला सायनोॲक्रिलेटचा फवारा वापरला गेला आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जखमेच्या कडा जोडण्यासाठी त्याच्या एका प्रकाराला मान्यता दिली. तो प्रकार वेगळा, लांब साखळीचा आणि निर्जंतुक असतो. दुकानातली नळी जखमेवर लावायची नसते.

नळी एकदा उघडली की पाच रुपयांच्या मालाचे आयुष्य थोडेच उरते, तेव्हा कामे एकत्र करून एका बैठकीत संपवावीत. मोठी बाटली असेल तर न उघडलेली फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली ठेवायची झाल्यास हवाबंद डब्यात, औषधांच्या बाटलीत मिळतात तशा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बूच उघडू नये, नाहीतर थंड बाटलीच्या तोंडावर हवेतले पाणी जमते आणि गोंद आतूनच घट्ट होऊ लागतो. काम झाल्यावर नळी तोंड वर करून उभी धरावी आणि तिचा तळ हलकेच टेबलावर आपटावा, म्हणजे नळीच्या चोचीतला द्रव आत परततो आणि तोंड बुजत नाही.

पुस्तिकेची रचना या क्रमाने आहे. पहिल्या प्रकरणात बेचक्याची सुई बनवणे आणि टाकाऊ पुठ्ठ्यावर निव्वळ रेषा जोडण्याचा सराव. दुसऱ्यात एलव्हीएम-3 चे बूस्टर, कारण नळकांड्याचा सांधा गोल असला तरी सगळ्यांत प्रामाणिक असतो, चूक लगेच दिसते. तिसऱ्यात सामानाची निवड आणि कोणत्या जोडीला कोणता गोंद याचा तक्ता. चौथ्यात दौंड-बारामती गाडीचा एक मालडबा, पाचव्यात बारामतीच्या कऱ्हाकाठच्या नाईक वाड्याचा दरवाजा, ज्या नाईकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत होते त्यांचाच हा वाडा. तिथे लाकूड आणि पितळी खिळे एकत्र येतात. उजनीचे दृश्य शेवटी आहे आणि ते आधी करू नये. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी लागणाऱ्या थेंबांची संख्या दिली आहे. मालडब्यासाठी ती सात आहे, आणि त्यात पायदानाच्या तारा धरलेल्या आहेत.